मगदूमांची चौथी पायरी

शालन खराडे आयुष्यात एकदाच खोटं बोलल्या असं म्हटलं, तर तेही खोटंच होईल. सासूबाईंच्या भरल्या वांग्यांना त्या जन्मभर छान म्हणत आल्या होत्या, आणि कॉलेजात परीक्षा समितीवर बारा वर्षं काढायची म्हणजे थोडंफार खोटं बोलावंच लागतं. पण गणितात त्या एकदाच खोटं बोलल्या. एकच शब्द. अडतीस वर्षांनी, ऐन गणपतीत, मोदकांचं सारण परतत असताना त्या शब्दाची विचारणा करणारं पत्र आलं.

स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा पडदा उजळला आणि एका बाईचा गोड आवाज म्हणाला, "डॉक्टर खराडे, दुवाकडून पत्र आहे." शालनबाईंनी आधी गॅस बंद केला. बाहत्तर वर्षांच्या बाईला एवढं कळतं, की दुवाचं पत्र उभ्यानं ऐकायचं नसतं.

२०४३ साली दुवा काय आहे हे गणितवाल्यांना सांगावं लागत नसे. इतरांसाठी सांगायचं, तर माणसानं लिहिलेली सिद्धता म्हणजे ओढ्यात टाकलेले दगड. एका दगडावरून दुसऱ्यावर पाय देत पलीकडे जायचं. पण लिहिणारा त्या वाटेला सरावलेला असला की मधले दोन-तीन दगड टाकायचे विसरतो, उडी मारतो आणि लिहितो, 'हे सहज दिसते'. शेकडो वर्षं गणित असंच चाललं होतं आणि फारसं कुणी बुडालं नव्हतं. दुवा या यंत्राला मात्र सहज काही दिसत नसे. छापलेली प्रत्येक सिद्धता ते एका साध्या, निर्विकार भाषेत उतरवून घेई आणि प्रत्येक दगडाशी थांबून विचारी, हा इथं कसा आला? तीनशे वर्षांचं गणित त्यानं दीड वर्षात असं चालून काढलं.

त्यातून दुसरी गोष्ट निघाली, जी कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. गणिताच्या शाखा म्हणजे एका आळीत राहून एकमेकांकडे हळदीकुंकवालाही न जाणारी घरं. भूमितीवाल्याला बीजगणितवाल्याची भाषा कळत नाही, आणि संख्याशास्त्रवाला दोघांनाही गणिती मानत नाही. सगळ्या सिद्धता एका भाषेत आल्यावर दुवाला दिसू लागलं, की या घरातलं कोडं त्या घरात कधीच सुटलेलं आहे. एका शाखेतलं भोक दुसऱ्या शाखेतल्या ठिगळानं बुजवायचं, हा त्याचा हातखंडा झाला.

मग पत्रं सुटली. जगभरच्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी त्यांची धास्ती घेतली. शालनबाईंचे जुने सहकारी, बीजगणिताचे देवल, यांना कळवलं गेलं की तुमचं प्रमेय अगदी बरोबर आहे, फक्त ते १८७१ साली एका जर्मन शाळामास्तरानं लिहून ठेवलंय. देवल आठ दिवस कुणाशी बोलले नाहीत. संख्याशास्त्राच्या रेहाना मुजावर यांच्या एकोणीस लेखांत एकही भोक निघालं नाही, तेव्हा त्यांनी मिरजेत अख्ख्या गल्लीला शिरखुर्मा वाटला.

शालनबाईंना आलेलं पत्र मात्र त्यांच्या लेखाबद्दल नव्हतंच.

'भूपाल मगदूम यांच्या २००५ सालच्या प्रमेयात चौथी पायरी सिद्ध होत नाही. लेखात पडताळणी करणारी व्यक्ती म्हणून आपलं नाव आहे. ही पायरी आपल्याला कशी पटली ते कळवावं. लेखकांच्या पत्त्यावरून उत्तर मिळालेलं नाही. पंधरा दिवसांत लेखकाच्या सहीनं दुरुस्ती न आल्यास दुवाची दुरुस्ती दुवाच्या नावानं जोडली जाईल. दुरुस्ती तयार आहे. लांबी, अकरा ओळी. शाखा, क्रमचय-संचय.'

त्याखाली एक निळी चौकट होती, 'दुरुस्ती पाहा'.

शालनबाई खुर्चीवर बसून राहिल्या. क्रमचय-संचय, म्हणजे मोजायचं गणित, ही त्यांचीच शाखा.

*

सांगलीच्या त्या कॉलेजात, नदीच्या अंगाला असलेल्या गणित विभागात, चार खुर्च्या आणि एक फळा होता. चार माणसं, चार शाखा. देवल बीजगणिताचे, मुजावर मॅडम संख्याशास्त्राच्या, शालनबाई मोजणीच्या, आणि सगळ्यांत थोरले मगदूम सर गाठींच्या गणिताचे. दर गुरुवारी तीनला कॅन्टीनमधून चहाची किटली आली की कुणीतरी एक जण फळ्याशी उभा राही. नियम मगदूम सरांनी घातलेला. आपलं नवं काम आपल्या शाखेबाहेरच्या माणसाला समजावून सांगायचं. त्याला कितीही बाळबोध प्रश्न विचारायची मुभा. तो जेव्हा "पटलं" म्हणेल आणि लांबोडक्या वहीत तो शब्द लिहून सही करेल, तेव्हाच काम पुरं झालं असं धरायचं. सर म्हणत, "आपल्या शाखेतला माणूस लाजंकाजं मान हलवतो. परक्याला लाज नसती. त्याला पटलं म्हंजे खरं."

एकदा देवलांना मुजावर मॅडमनी सलग सहा गुरुवार "नाही पटलं" म्हटलं होतं. सातव्या गुरुवारी देवल पेढे घेऊन आले, तर मॅडमनी पेढा खाल्ला आणि पुन्हा "नाही पटलं" म्हणाल्या. काय हसले होते सगळे. असे गुरुवार पुन्हा नाहीत. आता त्या जागी कॉलेजचं संगणन केंद्र आहे आणि फळा कुठं गेला हे शिपायालाही ठाऊक नाही. वही तेवढी शालनबाईंनी निवृत्तीच्या दिवशी पिशवीत घालून घरी आणली होती.

मगदूम सरांचं प्रमेय असं होतं. एक नाडी घ्या, तिला हवा तसा गुंता घाला आणि दोन्ही टोकं डिंकानं जोडून टाका. आता तिची सावली जमिनीवर पाडली, तर दोरीवरून दोरी जाते तिथं फुल्या दिसतील. गुंता सोडवायचा म्हणजे फुल्या कमी करायच्या. गंमत अशी, की काही गुंते सुटण्याआधी वाढवावे लागतात, मुद्दाम नव्या फुल्या घालाव्या लागतात. किती वाढवाव्या लागतील याचा पत्ता कुणाला नव्हता. सरांनी सात वर्षं खपून एक कृती शोधली होती, आणि त्या कृतीनं गुंता अमुक एका मर्यादेपलीकडे कधीच वाढत नाही असं दाखवलं होतं. पाच पायऱ्यांची सिद्धता. चौथ्या पायरीत लिहिलं होतं, 'ही कृती करताना आपण फिरून त्याच गुंत्याशी येत नाही, हे सहज दिसते.'

तो ऑगस्टचा गुरुवार. सरांच्या पत्नी पद्मावतीकाकू मिरजेला दवाखान्यात होत्या, आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. सर तिथूनच थेट आले. शर्ट चुरगळलेला, दाढी वाढलेली. फळ्यावर त्यांचं अक्षर वाकडं येत होतं. चौथी पायरी आली आणि शालनबाईंच्या ओठांवर प्रश्न आला. सर, का नाही येणार फिरून? घाण्याचा बैल नाही का त्याच जागी येत? त्यांनी सरांच्या तोंडाकडे पाहिलं. सर त्यांच्याकडेच बघत होते, दमलेल्या माणसानं बसायला जागा शोधावी तसे.

"पटलं, सर," शालनबाई म्हणाल्या, आणि त्यांनी वहीत सही केली.

सर खडू टाकून तसेच मिरजेला गेले आणि प्रमेय पुरं झालं, असं त्यांनी काकूंना सांगितलं. अकराव्या दिवशी काकू गेल्या. प्रमेय छापून आलं, त्याला सरांचं नाव मिळालं. आणि शालनबाईंनी तो प्रश्न पुन्हा कधी काढला नाही. आधी सुतक होतं, मग वर्षभराचा दुखवटा, मग सरांची निवृत्ती. आज विचारू, उद्या विचारू करता करता अडतीस वर्षं गेली.

*

या सगळ्या वर्षांत सरांचा एक फोन मात्र चुकला नव्हता. मगदूम जैन. भाद्रपदातलं पर्युषण संपलं की त्यांच्यात क्षमावाणीचा दिवस येतो. घरोघरी, फोनवर, एकमेकांची क्षमा मागतात. दर वर्षी सर सकाळी नऊला फोन करत. "शालन, वर्षभरात माझं काही चुकलं असलं तर क्षमा कर." आणि शालनबाई दर वर्षी म्हणत, "सर, तुमचं काय चुकणार?" आपलंही चुकलंय हे त्या एकदाही म्हणाल्या नव्हत्या.

पत्र येऊन चार दिवस झाले होते. निळी चौकट त्यांनी उघडली नव्हती. उघडावं, अकरा ओळी उतरवून घ्याव्यात आणि सरांची सही आणावी, असं दहादा मनात आलं. पण दुसऱ्यांदा खोटं बोलायचं वय राहिलं नव्हतं. क्षमावाणीच्या दिवशी सकाळी आठलाच, सरांचा फोन यायच्या आत, वही पिशवीत घालून त्या सरांच्या गावी, समडोळीला निघाल्या.

बिनचालक रिक्षा मोठी सज्जन. वाटेत एक म्हैस आडवी बसली होती, तर रिक्षानं तिच्यापुढं थांबून तीनदा विनंती केली आणि मग म्हशीचा मालक येईपर्यंत शालनबाईंना जुनी गाणी ऐकवली.

सरांची मुलगी राजमती अंगणातच भेटली. पन्नाशीची, गावच्या शाळेत मुख्याध्यापिका. "या की, मॅडम. अप्पा तुमालाच फोन लावत बसलेत." मग हळू आवाजात म्हणाली, "जरा सांभाळून घ्या हं. कालचं आज आठवत नाही त्यांना. जुनं मात्र समदं लख्ख आहे."

सर झोपाळ्यावर बसले होते. एक्क्याऐंशी वर्षांचे, वाळलेले, पण डोळे तेच. हातात पांढरी सुती दोरी, आणि बोटं आपोआप गाठ घालत, सोडवत होती.

"शालन! तू कशाला आलीस एवढ्या लांब? मीच फोन करत होतो. वर्षभरात काही चुकलं असलं तर..."

"सर, आज मी मागायला आलेय," शालनबाई म्हणाल्या. "वर्षभराचं नाही. अडतीस वर्षांपूर्वीचं आहे."

"मग व्याकरणात बसत नाही ते. वर्षभराचंच मागायचं असतंय," सर हसले. पण शालनबाईंचा चेहरा बघून हसू थांबलं. त्यांनी दोरी बाजूला ठेवली.

शालनबाईंनी सगळं सांगितलं. दुवाचं पत्र, चौथी पायरी, त्या गुरुवारी ओठांवर आलेला प्रश्न आणि त्याऐवजी बाहेर पडलेला शब्द. बोलताना त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

सरांनी पाय टेकून झोपाळा थांबवला.

"क्षमा केली," सर म्हणाले. "आज नाही म्हणता येत नाही, धर्मच तसा आहे. पण राग आलाय मला, शालन. भयंकर राग आलाय. तू मला रडका समजलीस."

"सर, काकू तिकडं..."

"माझी बायको मरत होती. माझं डोकं मेलं नव्हतं!" त्यांचा आवाज चढला तशी राजमती दारात आली. "अगं, तेव्हा विचारलं असतंस तर आठ दिवसांत भरून काढलं असतं मी. त्रेचाळीस वर्षांचा होतो. आता? आता सकाळी दात घासले का नाही ते ह्या पोरीला विचारावं लागतंय."

शालनबाईंचे डोळे भरून आले. अडतीस वर्षं त्यांना वाटत होतं, की आपण एका दुःखी माणसावर दया केली. त्याच्याकडून काय काढून घेतलं, ते आज कळलं.

सरांनी तोंड फिरवलं होतं. थोड्या वेळानं त्यांनी तसंच, खिडकीकडे बघत विचारलं, "काय म्हणालीस, दुरुस्ती कुठल्या शाखेतली?"

"क्रमचय-संचय."

सर सावकाश वळले. "म्हंजे तुझ्याकडंच होती की गं. तू नुसतं विचारलं असतंस, आपण दोघं फळ्याशी उभे राहिलो असतो, आणि तूच काढली असतीस. दोघांचं नाव लागलं असतं." मग त्यांनी विचारलं, "उघडलीस का ती चौकट?"

"नाही, सर."

"उघडू नको. दिवस किती राहिलेत?"

"अकरा."

"राजमती, नातवाचा फळा काढ माळ्यावरनं," सर म्हणाले. "आणि शालन, तू विचार. तेव्हा विचारायचं होतंस ते आत्ता विचार."

शालनबाई उठल्या. "सर, आपण फिरून त्याच गुंत्याशी का येत नाही?"

सर फळ्याकडे वीस मिनिटं बघत बसले. मग म्हणाले, "मला माहीत नाही."

*

पुढचे दहा दिवस रिक्षाला समडोळीचा रस्ता पाठ झाला. सकाळी दीड तास सरांचं डोकं चाले, मग ते थकत. काल काय झालं ते त्यांना आठवत नसे, म्हणून रोज शालनबाईंनी पहिल्यापासून सांगायचं. त्याचा एक फायदा झाला. रोज पहिल्यापासून सांगताना रोज एखादी उडी ध्यानात येई. शालनबाईंना वाटे, आपण चौतिशीत आहोत आणि आत्ता किटली येईल. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. गणितं यंत्रं सोडवू लागल्यापासून त्यांना कुणी काही विचारतच नव्हतं.

शेवटच्या दिवशी त्या दुपारी चारला आल्या त्या पळतच. वाट सापडली होती. प्रत्येक फुलीला एक वजन द्यायचं आणि सगळ्या वजनांची बेरीज करायची. कृतीच्या प्रत्येक पावलाला ही बेरीज कमी होते. जिना उतरतच राहिलेला माणूस वरच्या मजल्यावर परत कसा येईल? म्हणून फिरून तोच गुंता येणं शक्य नाही.

त्यांनी फळ्यावर सगळं मांडलं. सर डोळे मिटून ऐकत होते. दुरुस्तीचा कागद सहाच्या आत लेखकाच्या सहीनं पोचला, की प्रमेय लेखकाचंच राहणार होतं; तो बरोबर आहे का हे दुवा नंतर बघणार होता, कारण तपासणीची रांग महिनाभराची होती. राजमतीनं फोन तयार ठेवला होता. शालनबाईंनी लांबोडकी वही उघडून सरांच्या मांडीवर ठेवली आणि पेन दिलं.

सरांनी पेनाचं टोपण काढलं. फळ्याकडे बघितलं. डाव्या हातानं दोरी उचलून एक वेढा घातला, एक सोडवला. पुन्हा घातला.

"अप्पा, सहाला दहा कमी आहेत," राजमती म्हणाली.

"एका पावलात दोन फुल्या गेल्या आणि दोन नव्या आल्या, तर?" सर म्हणाले. "बेरीज तीच राहील की."

शालनबाईंनी दोरीवरच्या फुल्या बोटानं मोजल्या. सर बरोबर होते.

"करा की सही," राजमती काकुळतीला आली. "महिनाभरानं बघू काय ते. तुमचं नाव जाईल, अप्पा. सात वर्षं घातलीत तुम्ही. आई सुद्धा..."

सरांनी शालनबाईंकडे पाहिलं. शालनबाई बाहत्तर वर्षांच्या, घामाघूम, पदर खडूनं पांढरा झालेला. दहा दिवस बाई दमली होती, आणि एका शब्दानं तिचं समाधान झालं असतं. त्यांनी टोपण लावून पेन खाली ठेवलं.

"नाही पटलं," ते म्हणाले.

आणि शालनबाईंना, काय सांगावं, केवढा आनंद झाला. हा माणूस आपल्यावर दया करत नाही. त्यांनी बाही सावरली आणि फळ्याचा खालचा अर्धा भाग पुसला.

सहा वाजले. राजमतीचा फोन एकदा वाजून गप्प झाला. कुणी तिकडे पाहिलं नाही. बेरीज तीच राहते तेव्हा दोरीत दुसरं काय बदलतं? सर वेढा घालत होते, शालनबाई मोजत होत्या. सव्वासहाला सर म्हणाले, "वेढे मोज, फुल्या नको," आणि त्या ओरडल्याच. बेरीज तीच राहते तेव्हा वेढे कमी होतात, दर खेपेला! आधी बेरीज बघायची, ती सारखी निघाली तर वेढे बघायचे. शब्दकोशात शब्द लावतात तसं. मग खाली उतरण्यावाचून गत्यंतरच नाही.

सरांनी तीन प्रश्न विचारले. तिन्हींना उत्तरं मिळाली. त्यांनी वहीत एक शब्द लिहिला, सही केली, आणि शेजारी वेळ टाकली, सहा चाळीस.

"काय लिहून आलंय त्या फोनवर? वाच मोठ्यानं," ते लेकीला म्हणाले.

राजमतीनं वाचलं. "मगदूम प्रमेय रद्द. सुधारित प्रमेयाचे कर्ते, दुवा."

"बरोबर आहे. सहाच्या आत झालं नव्हतं," सर म्हणाले.

बाहेर अंधारून आलं होतं. राजमतीनं मघाच दोन पानं वाढून ठेवली होती. पण सूर्य मावळल्यावर सर कधी जेवत नसत, आजवर जेवले नव्हते. "मला राहू दे आज," ते म्हणाले. "शालन, तू जेव. माझ्यासमोर बसून जेव, आणि पुढच्या गुरुवारी काय घेऊन येणार ते सांग."

"सर, गुरुवारपर्यंत तुमच्या लक्षात राहील का?"

"नाही राहणार. तू सांगशील की पहिल्यापासून."

शालनबाई पानावर बसल्या. पहिला घास तोंडात घातला आणि त्यांना रडू फुटलं, हमसून हमसून. सर समोर उपाशीपोटी, हातात दोरी घेऊन, त्या बोलायला लागायची वाट बघत बसले. राजमतीनं काही न विचारता शालनबाईंच्या पानात आणखी एक भाकरी वाढली.